पाठ १२ : लोण्याचा ऋतू

१२.० प्रस्तावना

पाककृतीचे पुस्तक आपण सर्वांनीच कधी ना कधी चाळलेले असते. 'घ्या', 'ढवळा', 'मिसळा' अशा आज्ञार्थी क्रियापदांनी भरलेला तो मजकूर वाचायला सोपा वाटतो. परंतु त्याबरहुकूम पदार्थ करायला घेतला की मध्येच कोठेतरी अडते. चूक करणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हे लवकर कळत नाही. केकवर लावायचे लोण्याचे क्रीम, म्हणजेच बटरक्रीम, घरी करताना आलेला असाच एक अनुभव भिलाई येथे राहणाऱ्या लेखिकेने या पाठात सांगितला आहे. तो वाचताना क्रीम कसे करावे हे तर तुम्हाला कळेलच. शिवाय कृती वाचावी कशी आणि लिहावी कशी, याचाही विचार तुम्ही करू लागाल.

१२.१ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• बटरक्रीम तयार करण्याची कृती क्रमाने सांगणे;
• लोणी, साखर व तापमान यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे;
• एखाद्या शब्दाचा अर्थ स्थळानुसार कसा बदलतो, हे उदाहरणाने दाखवणे;
• परिचित पदार्थाची कृती नेमक्या शब्दांत लिहिणे.

१२.२ मूळ पाठ

लग्न होऊन मी नागपूरहून भिलाईला आले, तेव्हा हे शहर मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. नागपूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेला असल्यामुळे इथल्या उन्हाचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते शेजाराचे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे येऊन स्थायिक झाली. आमच्या रांगेतील सहा क्वार्टरांत पाच भाषा बोलल्या जात. संक्रांतीला आमचा तिळगूळ सर्वांकडे जाई, पोळ्याला छत्तीसगढी शेजारणीकडून ठेठरी आणि खुरमी येई, तर नाताळात केरळी शेजाऱ्यांकडचा केक येई.

केक भाजायला मी त्यांच्याकडेच शिकले. ॲल्युमिनियमचा गोल, विजेचा ओव्हन मी हौसेने घेतला आणि माझा केक चांगला फुगू लागला. मग शेजारच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाचा केक मीच करीन, असे मी तिच्या आईला सांगून टाकले. वाढदिवस मे महिन्यात होता.

नुसता केक वाढदिवसाला शोभणार नाही, म्हणून मी एका परदेशी पुस्तकातून क्रीमची कृती उतरवून घेतली. तिचे पहिलेच वाक्य असे होते : 'लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.' मी आज्ञेप्रमाणे दुकानातील पिवळे बटर तासभर ओट्यावर ठेवले. ते मऊ झाले, मग चकचकीत झाले. मी साखर घालून फेटत राहिले. क्रीम पातळ वाटले, म्हणून आणखी साखर घातली. कशीबशी गुलाबी फुले काढली आणि संध्याकाळी पाच वाजता केक शेजारी नेऊन ठेवला. पाहुणे जमेपर्यंत फुलांच्या पाकळ्या खाली कलल्या आणि बघता बघता केकच्या कडेवरून ओघळून ताटलीत आल्या. वाढदिवसाची मुलगी टक लावून पाहत होती. ती हळूच म्हणाली, "काकू, केक रडतोय."

सर्वांनी केक खाल्ला. कोणी नावे ठेवली नाहीत. तरी क्रीम खारट लागत होते, हे मला पहिल्याच घासाला कळले. घरी आल्यावर मी ती वही सासूबाईंपुढे टाकली.

"आई, मी यात लिहिल्याप्रमाणेच सगळं केलं हो! खोलीच्या तापमानाला आणा म्हटलंय, तर तासभर बाहेर ठेवलं."

सासूबाई लसूण सोलत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "कुणाच्या खोलीच्या?"

मी गप्प झाले. त्या पुढे म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्यात ताक घुसळताना मी डेऱ्यात काय घालते?"

"गार पाणी."

"आणि थंडीत?"

"कोमट."

"का बरं? लोण्याला आपली वेळ आणि आपला गारवा लागतो. उन्हाळ्यात गार पाणी घातलं नाही, तर लोणी गोळा होत नाही, तरंगत राहतं. थंडीत कोमट घातलं नाही, तर कणी येऊन तसंच अडून बसतं. तुझं क्रीम म्हणजे लोणीच ना? मग त्याला वेगळा नियम कुठला?"

माझे शिक्षण मराठी साहित्यात एम. ए. पर्यंत झाले होते. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिले होते. ते स्वयंपाकघरात मात्र मला सासूबाईंनी शिकवले. थंड देशातील खोली साधारण वीस अंश सेल्सिअसची असते. मे महिन्यात भिलाईचा पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि घरातली हवाही त्याच्या मागोमाग तापते. शब्द तेच होते. खोली निराळी होती.

लोणी म्हणजे नुसती चरबी नव्हे. त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब चरबीत अडकलेले असतात. ही चरबी एकदम वितळत नाही. वीस अंशांच्या आसपास ती मऊ पण आकार धरणारी असते, तिशी ओलांडताना ढासळू लागते आणि पस्तीस अंशांच्या सुमारास जवळजवळ पूर्ण वितळते. मऊ लोणी फेटले की त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि अडकून राहतात. म्हणूनच त्याचा रंग फिका होतो व ते हलके होते. वितळलेले लोणी कितीही फेटले, तरी हवा त्यात राहत नाही. मी त्या दिवशी तेलच फेटत होते. वरून घातलेल्या साखरेने ते गोड झाले, घट्ट झाले नाही.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघी कामाला लागलो. सासूबाईंनी आदल्या दिवशी सायीच्या विरजणाचे लोणी काढले होते. पाणी निवळ दिसेपर्यंत त्यांनी ते तीन-चार वेळा गार पाण्यात धुतले, म्हणजे ताकाचा आंबटपणा गेला. मग मलमलीच्या कापडावर दाबून त्यातले पाणी काढले आणि गोळा फ्रिजमध्ये ठेवला. घरच्या लोण्यात मीठ नसते, ही जमेची बाजू; पाणी अधिक असते, ही काळजीची बाजू. पाणी राहिले तर क्रीम फाटते.

त्या दिवशीची कृती मी नव्या वहीत लिहिली. ती अशी :

साहित्य : मीठ नसलेले लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, मक्याचे पीठ (कॉर्नफ्लोअर) १ मोठा चमचा, थंड दूध १ ते २ लहान चमचे, व्हॅनिला इसेन्स अर्धा लहान चमचा. एवढे क्रीम बारा कपकेकना किंवा अर्धा किलोच्या एका केकला पुरते.

कृती :

१. साखर व मक्याचे पीठ मिक्सरमध्ये एकत्र बारीक करा आणि दोनदा चाळा. लोण्यात पाणी थोडे असल्यामुळे साखर पूर्ण विरघळत नाही. जाड राहिलेला प्रत्येक कण दाताखाली येतो.

२. लोण्याचे तुकडे करून पातेल्यात ठेवा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये, इतकेच ते मऊ होऊ द्या. उन्हाळ्यात यास काही मिनिटे पुरतात. हिवाळ्यात तासही लागतो.

३. उन्हाळ्यात हे पातेले बर्फाचे खडे घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवा. पाणी आत उडू देऊ नका.

४. लोणी एकटेच पाच मिनिटे फेटा. रंग पिवळसरावरून पांढुरका झाला पाहिजे.

५. साखर तीन वेळा विभागून घाला. प्रत्येक वेळी आधी हलक्या हाताने मिसळा, मग फेटा.

६. इसेन्स घाला. क्रीम फारच घट्ट वाटले तरच दूध घाला. चमचा वर उचलल्यावर क्रीमचे टोक उभे राहिले, म्हणजे ते तयार झाले.

७. केक पूर्ण गार झाल्यावरच क्रीम लावा. सजवलेला केक फ्रिजमध्ये ठेवा आणि कापण्याच्या थोडाच वेळ आधी बाहेर काढा.

क्रीम सैल झाले तर साखर वाढवू नका; पातेले दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. दाणेदार, फाटल्यासारखे दिसले, तर बहुधा लोणी फार गार असते. पातेल्याला तळहातांची ऊब देऊन फेटत राहा. लोण्याऐवजी तूप वापरण्याचा मोह टाळा. तुपात पाणी नसते आणि ते कणीदार थिजते. तेच तुपाचे वैभव, पण क्रीमला ते चालत नाही.

सकाळी सात वाजता बारा कपकेक सजून तयार झाले. मी त्यातले सहा शेजारी नेऊन दिले. मुलीने एक हातात घेतला, सर्व बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आज नाही रडत."

त्या नव्या वहीत मी 'खोलीचे तापमान' हे शब्द पुन्हा लिहिले नाहीत. त्याऐवजी 'बोटाने दाबल्यावर खळगा पडावा' असे लिहिले. बोट नागपुरातही तेच असते, भिलाईतही तेच असते.

१२.३ तुम्हाला हे माहीत आहे का?

भारतातील अन्न मानकांनुसार बाजारात मिळणाऱ्या टेबल बटरमध्ये दुधाची चरबी किमान ८० टक्के असावी लागते. पाणी १६ टक्क्यांहून आणि मीठ ३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. उष्ण हवेत क्रीम टिकावे म्हणून काही ठिकाणी लोण्याऐवजी वनस्पती तूप वापरले जाते, कारण ते सावकाश वितळते. मात्र तेल अंशतः घट्ट करताना त्यात आरोग्याला घातक अशी ट्रान्स चरबी निर्माण होते. १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले व चरबी यांतील तिचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे.

१२.४ पाठगत प्रश्न

१. 'केक रडतोय' असे मुलगी का म्हणाली?
२. सासूबाईंच्या 'कुणाच्या खोलीच्या?' या प्रश्नाचा आशय दोन वाक्यांत लिहा.
३. घरच्या लोण्याची जमेची बाजू कोणती व काळजीची बाजू कोणती?
४. कारण द्या : वितळलेले लोणी फेटून क्रीम हलके होत नाही.

१२.५ भाषाविचार

कृती लिहिताना लेखक माप आणि खूण या दोन गोष्टींचा आधार घेतो. '१०० ग्रॅम' हे माप आहे. 'टोक उभे राहिले, म्हणजे ते तयार झाले' ही खूण आहे. माप सर्वत्र सारखे असते, पण ते परिस्थिती सांगत नाही. खूण वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर व हातांवर विश्वास टाकते. आपल्या स्वयंपाकघरातील 'एकतारी पाक', 'खमंग भाजणे', 'कडकडीत मोहन' हे शब्दप्रयोग अशा खुणाच आहेत. चांगल्या कृतीत दोन्हींचा मेळ असतो.

१२.६ तुम्ही काय शिकलात?

• लोणी मऊ असतानाच हवा धरून ठेवते, वितळल्यावर नाही.
• परक्या ठिकाणची कृती वापरताना तिच्यातील शब्दांचा आपल्या हवामानाशी मेळ घालावा लागतो.
• परंपरेने चालत आलेल्या घरगुती ज्ञानामागे कार्यकारणभाव असतो. तो विचारून घेतला पाहिजे.

१२.७ स्वाध्याय

१. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला ऋतूनुसार बदलणारी एखादी कृती विचारा (उदा. विरजण लावणे, इडलीचे पीठ आंबवणे) आणि ती आठ ते दहा वाक्यांत लिहा. किमान तीन खुणांचा उपयोग करा.
२. पाठातील सासूबाईंचे स्वभावचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा.
३. 'पुस्तकातील ज्ञान आणि अनुभवातील ज्ञान' या विषयावर पंधरा ओळींचा निबंध लिहा.