चूळपंथकाचे फडके



"अभ्यास आपल्या रक्तातच नाही," हे वाक्य आपल्या वस्त्यांत अजून ऐकू येते. मुलगा गणितात नापास झाला की बाप म्हणतो, डोकंच नाही त्याला. मुलीला गाणे शिकवावे म्हटले की आजी म्हणते, गळा जन्माचा असावा लागतो. विद्या जन्माने मिळते असे ज्या धर्माने आपल्या पूर्वजांना सांगितले, तो धर्म तुम्ही सोडला. मग त्याची भाषा घरात कशाला ठेवायची?

याचा अर्थ सर्वांची बुद्धी सारखी असते असा नव्हे. धम्म असे खोटे समाधान देत नाही. महास्थवीर सारिपुत्तांना अर्हतपद पंधरा दिवसांत प्राप्त झाले, मोग्गल्लानांना सात दिवसांत. आनंद पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत राहिले, सारी प्रवचने त्यांना मुखोद्गत होती. पण त्यांना ते पद मिळाले महापरिनिर्वाणानंतर, राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री. आनंद शाक्य राजकुळातले होते. त्याच संगीतीत विनय सांगण्याचा मान ज्यांना मिळाला ते उपाली न्हावी होते. फरक होता, पण तो कुळाचा नव्हता.

आता चूळपंथकाची कथा पाहा. थोरला भाऊ महापंथक हुशार भिक्खू. त्याने धाकट्याला संघात घेतले आणि एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने गेले. नवा शब्द आला की मागचा जाई. शेवटी भावाने सांगितले, तुझ्याने होणार नाही, घरी जा. जीवकाने भिक्खुसंघाला भोजनाला बोलावले तेव्हाही त्याला वगळले. चूळपंथक निघालाच होता, एवढ्यात तथागतांनी त्याला थांबवले. त्यांनी गाथा दिली नाही. स्वच्छ पांढरे फडके दिले आणि म्हणाले, सूर्याकडे तोंड करून बस, हे हाताने चोळ आणि 'रजोहरणं' एवढेच म्हणत राहा. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ होते ते मळले, असेच सारे बदलते, हे त्याला कळले आणि तो अर्हत झाला.

ही कथा सांगून पुष्कळजण म्हणतात, पाहा, चिकाटीने सर्व साधते. मला हा अर्थ अपुरा वाटतो. चिकाटी तर चार महिने होतीच की! चुकीच्या कामावर ती वाया गेली. भावाने सर्वांना देतात तेच दिले. तथागतांनी माणूस पाहून काम दिले. (अट्ठकथाकार त्याच्या मंदपणाचे कारण मागील जन्मात शोधतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला आहे, तेव्हा आपण तो बाजूला ठेवू.)

सरावाचे फळ रोज दिसत नाही, हेही तथागतांनी सुताराच्या उपमेने सांगितले आहे. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांच्या खुणा उमटलेल्या असतात. आज किती झिजला, काल किती, हे त्याला सांगता येत नाही. झिजला आहे एवढे मात्र कळते. आपल्या घरांत हातोडी, रापी, विळा धरणारे हात आहेत. त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागू नये.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. हे शंभरात अडतीससुद्धा नाहीत. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे त्याच विद्यार्थ्याने संस्कृत स्वतः आत्मसात केली आणि पालीचे व्याकरण व शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली छापला. बुद्धी असामान्य होती, हे कोण नाकारील? पण परळच्या चाळीतली ती एक खोलीही आठवा. दिवसा तिथे अभ्यास होणे शक्य नव्हते. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. मुलाला डोके नाही, असे म्हणण्याऐवजी त्या बापाने वेळ बदलली.

येत्या वर्षावासात आपल्या घरी एवढे करून पाहा. ज्या मुलाला पाढे येत नाहीत त्याला बाजारात हिशेब करायला न्या. जो वाचताना अडखळतो त्याच्याकडून रोज संध्याकाळी आजीला एक पान वाचून दाखवून घ्या. आजीला अक्षरओळख नसली तरी हरकत नाही. त्रिसरण-पंचशील तिने ऐकूनच पाठ केले आहे, चूक तिला ऐकू येते. तीन महिन्यांनी फरक पडला नाही, तर मुलाला बोल लावू नका. दुसरे फडके शोधा.