निवासी मुलांचे मन आणि समूहाचा आधार

वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या तोंडी पहिल्या पंधरवड्यात एक वाक्य हमखास येते : ‘मला इथं करमत नाही.’ मोठी माणसे ते ऐकतात आणि ‘होईल सवय’ असे म्हणून पुढे जातात. सवय होतेही, परंतु ‘करमत नाही’ या दोन शब्दांत मूल जे सांगत असते, ते सवयीने नाहीसे होत नाही, दडपले मात्र जाते. मग तेच पोटदुखीच्या रूपाने येते, ओल्या अंथरुणाच्या रूपाने येते, शेजारच्या मुलाची पेटी फोडण्याच्या रूपानेही येते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा आठवडा ज्यांनी वसतिगृहात काढला आहे, त्यांना याचा अधिक खुलासा नको.

आपल्या समाजात वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय कधीच नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा गावाने नाकारलेल्या मुलाला जेवण, दिवा आणि पुस्तक एका छताखाली मिळावे हा हेतू होता. तो हेतू सफल झाला, याची साक्ष या स्मरणिकेचे अनेक वाचक स्वतःच देतील. मात्र त्या काळापासून आजतागायत वसतिगृहाचा हिशेब निकालाच्या टक्केवारीत मांडला गेला. मुलाला रात्री काय वाटते, याची नोंदवही कोणी ठेवली नाही. साधनेच अपुरी होती, हे कारण खरे आहे. पण आज ते पुरेसे नाही.

आज निवासी संस्थांत येणारी मुले एका प्रकारची नाहीत. कोणाचे आईवडील ऊसतोडीला किंवा द्राक्षबागांच्या कामावर फिरतीवर असतात. कोणी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवरून आलेले असते. कोणाचे वडील गेलेले, कोणाची आई दुसऱ्या घरी नांदत असलेली. काही मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात असतात. या सर्वांना ‘अनाथ’ या एकाच शब्दात कोंबणे आम्हांस अयोग्य वाटते. ज्याचे घर आहे पण दूर आहे, त्याचे दुःख वेगळे. ज्याचे घर उरलेच नाही, त्याचे वेगळे. समूहात बसवताना हा भेद विसरला, तर एकाची सुट्टीची गंमत दुसऱ्याच्या जखमेवर मीठ होते.

समूहाने मुलाला आधार मिळतो, ही कल्पना काही बाहेरून आणावी लागत नाही. तिचे एक उत्तम उदाहरण नाशिकशीच जोडलेले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले ते फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. त्या पुस्तकाची रचना अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. आणि त्या बेचाळीस आहेत. आश्रमात राहणारे सोबती सायंप्रार्थनेनंतर एकत्र बसतात, श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, आणि ऐकणारे आपापल्या घरच्या आठवणींशी जाऊन पोहोचतात. ठरलेली वेळ, ठरलेली मंडळी, एकाचे बोलणे आणि बाकीच्यांचे न तोडता ऐकणे : आज समुपदेशक ज्याला गटसत्र म्हणतात, त्याची सारी अंगे येथे आहेत. गुरुजींना हे पुस्तकी ज्ञानातून सुचले नव्हते. १९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. वसतिगृहातील मुलाला आपल्याच जगाची बातमी रोज भिंतीवर वाचायला मिळावी, यातील शहाणपण आजही कमी झालेले नाही.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. थेरेसियनश्टाट येथील नाझी छळछावणीतून वाचलेली सहा लहान मुले ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरी आणली गेली. वये तीन-चार वर्षांची. आईवडील कोणालाच उरले नव्हते. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये त्यांच्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयातील महत्त्वाचा दस्तऐवज आहे. ही मुले आरंभी मोठ्यांना जवळ येऊ देत नसत, खेळणी मोडत, चावत. पण एकमेकांवाचून क्षणभर राहत नसत. खाऊ वाटताना आधी शेजाऱ्याला मिळाला की नाही हे पाहत. मोठ्यांनी दिला नाही तो आधार त्यांनी एकमेकांत शोधला होता. पुढे सांभाळणाऱ्या बायांशीही त्यांची हळूहळू माया जडली. सोबत्यांची माया मोठ्या माणसाच्या मायेला पर्याय नसते, हेही त्या निबंधातून दिसते. आणि गटसत्रे सुरू केली की अधीक्षक-अधीक्षिकांचे काम संपले असे मानणाऱ्यांनी ते विशेष लक्षात घ्यावे.

आता पद्धतीकडे वळू. गट आठ ते बारा मुलांचा, जवळपास एकाच वयाचा असावा. आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, त्याच जागी, पाऊण तास. ज्या मुलाच्या आयुष्यात माणसे अचानक आली आणि अचानक गेली, त्याला ‘बुधवारी पाच वाजता’ हे ठरलेपणच औषधासारखे असते. म्हणून पाहुणे आले या कारणाने सत्र रद्द करू नये. आरंभी दोन-तीन मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. आनापानाची ओळख आमच्या मुलांना आहे. ज्याला डोळे मिटण्याची भीती वाटते त्याने ते उघडे ठेवावेत. नंतर ‘आज मन कसे आहे’ या प्रश्नाला प्रत्येकाने एका शब्दात उत्तर द्यावे, किंवा ‘पुढे जा’ म्हणावे. न बोलण्याची मुभा नसेल, तर ते सत्र राहत नाही, तोंडी परीक्षा होते.

येथे भाषेचा प्रश्न येतो आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘छान’ आणि ‘वाईट’ एवढ्या दोनच शब्दांवर मुले भागवतात. वास्तविक मराठीत हुरहूर आहे, रुखरुख आहे, धास्ती, कोंडमारा, चिडचिड, उमाळा आहे. हे शब्द एकेक करून, चित्रांतून आणि गोष्टींतून, मुलांच्या हाती दिले की रागाच्या आड काय होते ते त्यांनाच उमगू लागते. घरी कोकणी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला त्याच्याच बोलीत बोलू द्यावे. शाळेच्या प्रमाण भाषेत सांगू गेल्यास दुःखाचाही निबंध होतो.

गोष्ट सांगताना ‘तुझ्या बाबतीत काय घडले’ असे विचारू नये. ‘एक मुलगा होता, त्याचे बाबा परत आले नाहीत, त्याला काय वाटले असेल’ असे विचारावे. किसा गोतमीची कथा या कामी फार उपयोगी पडते. मृत बाळाला घेऊन ती मोहरीचा दाणा मागत दारोदार हिंडली आणि मृत्यू न पाहिलेले एकही घर तिला सापडले नाही. इतरांच्या दुःखाने तिचे दुःख कमी झाले असे नव्हे. तिचे एकटेपण संपले. मात्र या कथेचा उलटा उपयोग करणारेही आहेत. रडणाऱ्या मुलाला ‘तुझ्याहून वाईट दिवस इतरांना आहेत’ असे सुनावणे हा तो उपयोग. गोतमीला कोणी असे सुनावले नव्हते. ती स्वतःच्या पायांनी घरोघर गेली होती.

तसाच एक घोटाळा सायंसभेबाबत होतो. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. माझ्या हातून घडलेले काही पाहिले, ऐकले किंवा संशयिले असेल तर सांगा, अशी संघाला विनंती करतात. तो स्वेच्छेने संघात आलेल्या प्रौढांचा विधी आहे. त्याच्या अनुकरणाने मुलांना उभे करून चुका कबूल करायला लावणे, म्हणजे आधाराच्या वर्तुळाचे न्यायालय करणे होय. मुलांबाबत विनयपिटकात निराळाच धडा आहे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपली वेदना बोलून दाखवली, आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. घरापासून मूल दूर नेताना मागे राहणाऱ्यांचे मनही मोजले गेले, ही गोष्ट पालकांनी जरूर वाचावी.

सत्र कोणी घ्यावे? या प्रश्नाला बिहारमधील नालंदा जिल्ह्यातून उत्तर मिळते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने तेथील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा उपक्रम राबवून त्याची शास्त्रीय चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, मुलांचे गट, गरज पडल्यास एकेकट्याशी बोलणे असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या ‘मित्रा’ने केले, काहींत शाळेच्याच शिक्षकाने. मित्र होता तेथे शाळेतील वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकाकडे काम होते तेथे असा परिणाम आढळला नाही. त्या दिवसा भरणाऱ्या शाळा होत्या, तरी त्यातून शिकण्याजोगे आहे. शिक्षक वाईट असतात असा याचा अर्थ नाही. जो गुण देतो, शिस्त लावतो आणि सुट्टी मंजूर करतो, त्याच्यापुढे मूल मोकळे होत नाही, एवढेच. निवासी शाळेत तर तोच माणूस रात्रीही असतो.

गुप्ततेचे वचन जपून द्यावे. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे म्हणू नये. ‘येथले येथेच राहील, पण कोणी तुला इजा करत असेल किंवा तू स्वतःला इजा करणार असशील, तर तुला सांगूनच मी मदत मागेन,’ असे पहिल्याच दिवशी सांगावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जाईल ही सबब तेथे चालत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक मुलांना वाचता येतील अशा उंचीवर लिहावेत, कार्यालयाच्या आत नव्हे. बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहांसाठी मुलांच्या समित्या आणि सूचनापेटी सांगितलेली आहे. ते नियम प्रत्येक निवासी शाळेला जसेच्या तसे लागू नसतील, परंतु स्वीकारण्यास कोणाची आडकाठी नाही.

माजी विद्यार्थी विचारतात, आम्ही काय द्यावे? वाढदिवसाचा केक घेऊन एक दिवस येणारे पाहुणे पुष्कळ असतात. मुले त्यांच्यासाठी गाणे म्हणतात, फोटो निघतो, आणि ते पुन्हा दिसत नाहीत. ज्यांना वर्षभर दर आठवड्याचा एक तास देता येईल आणि त्यासाठी आधी प्रशिक्षण घेण्याची तयारी असेल, अशा दोन जणांची आम्हांस केकपेक्षा अधिक गरज आहे. पालकांना एवढेच सांगणे आहे की, रविवारी फोन करीन असे म्हटले असेल तर रविवारीच करावा. यायला जमणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. फाटकाकडे तोंड करून बसलेल्या मुलाला ‘येतील’ असे सांगत राहण्याची पाळी अधीक्षिकांवर येऊ नये.