घर विकून उरलेले पैसे

विनू, पार्ल्याची जागा विकून तू आणि मीना बदलापूरला लहान घरात चाललात, हे बरं केलंत. आता हातात उरेल त्या रकमेचं ऐक.

खात्यात दिसेल तो सगळा आकडा तुझा नाही, त्यात कर आहे. सी.ए.कडे सौद्याआधी जा. नव्या घरात घातलेल्या रकमेइतक्या नफ्यावर सूट मिळते. उरलेल्या नफ्यासाठी कर वाचवणारे रोखे आहेत, ५० लाखांपर्यंत. पण ते विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात आणि पुढे पाच वर्षं पैसे अडकतात. व्याजही बेताचंच. कधी कधी कर भरून मोकळं झालेलं परवडतं.

चेक वटला की बँकेतून फोन येईल. एरवी काउंटरवर ताटकळत ठेवणारे केबिनमध्ये बसवून चहा पाजतील. ‘काका, एफडीपेक्षा जास्त सुटतील.’ फॉर्मवर ‘प्रीमियम’ शब्द दिसला की समज, हा विमा आहे आणि बहुधा दरवर्षी भरायचा आहे. सही करून बसलासच, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

तुम्ही दोघंही साठी ओलांडलेले. आधी पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. व्याजावर कर लागतो, तेवढं धरून चाल.

बाकीचे एफडीत, पण एकाच बँकेत नको. बँक बुडाली तर विमा माणशी पाच लाखांचाच, व्याजासकट. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना जेमतेम हजार रुपये काढता येत होते. पतसंस्थेला तर तेवढंही विम्याचं कवच नाही. अध्यक्ष ओळखीचे असले म्हणून काय झालं? वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्यापुरते मात्र हाताशी ठेव.

पोरं मागतील. द्यायचे तर परत येणार नाहीत असं धरूनच दे, आणि आधी नाही, वरच्या सगळ्या व्यवस्थेनंतर.

प्रत्येक खात्यावर नॉमिनी लाव. पासबुकं, पावत्या कुठे आहेत ते मीनाला दाखव. ती म्हणेल, मला काय कळतंय त्यातलं. तरी दाखव, आणि एकदा तिलाच पोस्टात पाठव.