बाजारात तुरी

परवा संध्याकाळी एक जोडपं माझ्या ओसरीवर येऊन बसलं. मुलगा कलबुर्गीच्या पीडीए कॉलेजातून इंजिनिअर झालाय, आता इंग्लंडला एमएस्सी करायची म्हणतो. मायबाप हैदराबादला अमीरपेठेत जाऊन आले होते. हातात एजंटानं दिलेला हिशोबाचा कागद. फी इतकी, राहणं-खाणं इतकं, बँकेचं कर्ज इतकं, आणि शेवटी एक रकाना: पार्ट टाइमची कमाई. त्या रकान्यातला आकडा राहण्या-खाण्याला पुरून वर कर्जाच्या हप्त्यालाही उरत होता. वडिलांनी कागद पुढं केला. "सर, जमंल न्हवं?"

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. आपल्या मुडबी गावच्या माणसाला 'बाजारात तुरी' या म्हणीचा अर्थ समजावून सांगायला नको. तूर रानात उभी असताना अडत्याची पट्टी खर्चून बसू नये. (बसतो आपण, आणि मग काय होतं तेही आपण पाहिलंय.)

आता हिशोब करू. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यापुढचं शिकणाऱ्या परदेशी मुलाला कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. तिथली किमान मजुरी एप्रिल 2025पासून तासाला 12.21 पौंड होती. म्हणजे आठवड्याला 244 पौंड, महिन्याला फार तर साडेदहाशे. त्याच वर्षी लंडनबाहेर राहायला महिन्याला 1,136 पौंड लागतात असं धरून तिथलं सरकार मुलाच्या खात्यात पैसे दाखवायला सांगत होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम मिळालं, एकही तास बुडला नाही, तरी सरकारनंच ठरवलेला खर्च त्यातून निघत नाही. फी तर दूरच राहिली. आणि पहिल्या दिवशी काम कुणाला मिळतं?

20 तासांचं गणितही नीट समजून घ्या. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीचे मिळून 20. एका आठवड्यात 12 केले म्हणून पुढच्या आठवड्यात 28 करता येत नाहीत. एक वर्षाच्या एमएस्सीला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो. वर्ग बंद दिसले तरी ते दिवस सहसा सुट्टीत धरत नाहीत, तेव्हाही 20च. स्वतःचा धंदा म्हणून काही करायला मुळीच परवानगी नाही, म्हणून मोबाइलच्या अॅपवरून स्वतंत्र कामगार म्हणून डबे पोचवण्याचं काम एक तासही चालत नाही. हे एजंट सांगत नाही.

बाकी देशांचं थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास. जर्मनीत मार्च 2024पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. कॅनडात नोव्हेंबर 2022 ते एप्रिल 2024 एवढ्या काळापुरती मर्यादा उठवली होती. तेव्हा 'तिकडं कितीही काम करता येतं' असं ऐकून गेलेल्या पोरांचा हिशोब मर्यादा परत आल्यावर कोसळला. आता तिथं कॉलेज चालू असताना आठवड्याला 24 तास आहेत. एक लक्षात ठेवा, मुलाचं शिक्षण संपण्याआधीच नियम बदलू शकतो.

अमेरिकेचा नियम सगळ्यात कडक. पहिल्या वर्षी कॅम्पसच्या आतच काम, तेही 20 तास. बाहेरच्या पेट्रोल पंपावर रोखीनं केलेलं काम बेकायदा. हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळं 2011चं ट्राय-व्हॅली प्रकरण आपल्याकडं पुष्कळांना आठवत असेल. कॅलिफोर्नियातलं ते नावापुरतं विद्यापीठ कागदावर मुलं शिकवत होतं आणि त्याच कागदावर ती कामाला लागत होती. बहुतेक मुलं त्या वेळच्या आंध्रची. धाड पडली आणि काहींच्या घोट्याला माग काढणारं यंत्र बांधलं. 2019मध्ये मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सापळा म्हणून सरकारनंच काढलेलं निघालं. त्यातही आपल्या शेजारच्या तेलुगू घरांतलीच पोरं जास्त. वर्ग भरत नाहीत आणि कामाची परवानगी पहिल्याच दिवशी मिळते, असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठून या.

आता मनातलं बोलतो. पोरं नियम मोडतात ती हौसेनं नाही. माझ्या बहिणीचा मुलगा ब्रिटनमध्ये होता, तेव्हा दर रविवारी मी फोनवर विचारायचो, "काम लागलं का रे?" तो "हो मामा" म्हणायचा. परत आल्यावर एका रात्री गच्चीवर त्यानं सांगितलं. तीन महिने तो दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर डबे पोचवत होता. पोलिसांची गाडी दिसली की सायकल गल्लीत घालायचा. खातेवाल्यानं शेवटच्या महिन्याचे पैसे बुडवले, आणि तक्रार करणार कुणाकडं? मी मास्तर माणूस, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना नियम शिकवले. या पोराला मात्र रविवारच्या एका प्रश्नानं मीच तिकडं ढकललं.

कर्जाचंही ऐका. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. बहुतेक बँकांना आपली काळी जमीन तारण म्हणून चालत नाही, म्हणून लोक गावातल्या सावकाराकडं वळतात. ते करू नका. आधी शिष्यवृत्त्या बघा. महाराष्ट्राची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती घरात मराठी बोलतो म्हणून आपल्याला मिळत नाही, ती तिथल्या रहिवाशांची. पण अनुसूचित जाती-जमातींसाठी आपल्या कर्नाटक सरकारची प्रबुद्ध योजना आहे, आणि केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजुरांची मुलंही बसतात.

आणि पैसे संपलेच तर मुलानं परत यावं. यात लाज कसली? बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर 1917मध्ये खुद्द बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज काढलं आणि 1920मध्ये ते पुन्हा गेले. तुमच्या पोराला हे जाण्याआधीच सांगा, विमानतळावर नको, घरी, जेवताना.

त्या जोडप्याच्या कागदावरचा पार्ट टाइमचा आकडा मी पेन्सिलीनं खोडला आणि बेरीज पुन्हा करायला लावली. तूट मोठी आली. पुढच्या वर्षी जायचं ठरलं आहे, तोवर पोरगा इकडंच नोकरी करेल.

तुमच्याकडंही असा कागद असेल तर घेऊन या. संध्याकाळी मी ओसरीवरच असतो. येताना कॉलेजचं पत्र आणि बँकेचा कागद आणा. आणि पोराला सोबत आणा.