नदी, डोंगा आणि वेग

चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा वाहते. एरवी दक्षिणेकडे जाणारी ही नदी तिथे वळून उत्तरेला वाहते. पाणी किती भरभर धावते, ती त्याची चाल. ते कोणत्या दिशेला धावते हेही सांगितले, की झाला वेग. म्हणून चाल तीच राहिली, तरी वळणावर वेग बदलतो.

आता डोंग्याचे बघा. समजा, पात्र 400 मीटर रुंद आहे. नावाडी सरळ समोरच्या काठाकडे ताशी 4 किलोमीटरने वल्हवतो. धार ताशी 3 किलोमीटर. डोंगा समोर लागेल का? नाही. पार व्हायला 6 मिनिटे लागतात; तेवढ्यात धार त्याला 300 मीटर खाली नेते. 4 न् 3 मिळून इथे 7 होत नाहीत, कारण दिशा वेगळ्या. डोंगा तिरपा 500 मीटर जातो, म्हणजे ताशी 5 किलोमीटर.

जुना नावाडी हे शाळेत न जाताच जाणतो. तो डोंग्याचे तोंड धारेच्या वरच्या अंगाला धरतो. मग डोंगा बरोबर समोर लागतो, पण 9 मिनिटे घेतो. पुरात मात्र धार ताशी 4 किलोमीटर किंवा जास्त झाली आणि वल्हवणे तेवढेच राहिले, तर तोंड कसेही धरा, डोंगा समोर लागत नाही. तो खालीच वाहत जातो.