मेकॅनिकल मिळतंय, घ्यावं का?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं. मेकॅनिकल मिळतंय, घ्यावं का?’ हल्ली त्याला शेपूट जोडलेलं असतं: ‘सेमीकंडक्टरचं वारं आहे म्हणतात, त्यात काही आहे का?’ ज्याला शिकायचंय तो मुलगा किंवा मुलगी बहुधा गप्प बसून असते. अशा वेळी मी आधी एका कंपनीची कुळकथा सांगतो.

१९३० साली अमेरिकेत ‘जिऑफिजिकल सर्व्हिस’ नावाची कंपनी निघाली. जमिनीत सुरुंग उडवायचे, खालच्या खडकांवर आपटून परतणाऱ्या लहरी टिपायच्या आणि तेल कुठे असू शकेल ते तेल कंपन्यांना सांगायचं, हा तिचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात हेच कसब पाणबुड्या हुडकणाऱ्या उपकरणांसाठी कामी आलं. उपकरणांचा व्याप वाढला तसं १९५१ साली कंपनीचं नाव बदललं: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. १९५४ मध्ये तिने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. सप्टेंबर १९५८ मध्ये तिथल्याच जॅक किल्बीने जर्मेनियमच्या एका छोट्या तुकड्यावर अख्खं सर्किट चालवून दाखवलं. आज ज्याला आपण चिप म्हणतो तिचा हा पूर्वज. म्हणजे चिपच्या घराण्याचं एक मूळ थेट तेलाच्या शोधात आहे.

चिंतेत असलेल्या आईवडिलांना किल्बीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एमआयटीच्या प्रवेश परीक्षेत तो थोडक्यात नापास झाला होता. मग इलिनॉय विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाला आणि मिलवॉकीच्या एका कंपनीत सिरॅमिकच्या पट्ट्यांवर सर्किटचे भाग छापायचं काम करू लागला. वेगवेगळे भाग आणून जोडण्याऐवजी एकाच पदार्थातून सगळे घडवावेत, हा विचार अशा कारखान्यातल्या माणसाला सुचणं स्वाभाविक होतं. टेक्सासमध्ये तो नवखा असल्याने उन्हाळ्याची रजा त्याच्या खात्यात नव्हती. बाकीचे सुट्टीवर गेले आणि प्रयोगशाळा त्याला मोकळी मिळाली. तिथे घडलेल्या त्या पहिल्या सर्किटसाठी त्याला २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेलविहिरीच्या अवजारांचा इतिहासही असाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विहीर खोदायला फिशटेल बिट, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं पातं, वापरत. मऊ मातीत ते छान खरवडायचं, कठीण खडक लागला की बोथट. खाली तेल आहे हे माहीत असूनही विहिरी अर्ध्यावर सोडाव्या लागत. हॉवर्ड ह्यूजेस (सिनेमा-विमानांसाठी गाजलेल्या ह्यूजेसचे वडील) आणि वॉल्टर शार्प यांनी खरवडण्याचा नादच सोडला. दातेरी पोलादाचे दोन शंकू समोरासमोर फिरवून त्यांनी खडक भरडायला सुरुवात केली, जात्यात डाळ भरडावी तसा. १९०९ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी टेक्सासच्या गूज क्रीकला या बिटने ११ तासांत १४ फूट कठीण खडक भेदला. ह्यूजेस शिकायला गेले होते कायदा. धंद्याची अक्कलही पक्की: बिट विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. तीन शंकूंचं बिट त्यांच्या कंपनीतल्या इंजिनीअरांनी १९३३ मध्ये केलं.

भोक पाडून झालं, पण आत काय आहे ते कळणार कसं? १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीत विजेच्या तारा सोडून थराथराचा विद्युतरोध मोजला. तेल असलेला थर वीज सहज वाहू देत नाही, खाऱ्या पाण्याचा देतो. आज खोदकाम चालू असतानाच बिटमागची उपकरणं मोजमाप घेतात. तिथे तापमान दीडशे अंशांच्या वर जाऊ शकतं आणि माहिती वर पाठवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे खोदकामाच्या चिखलातून दाबाचे ठोके सोडणं. सेकंदाला माहितीचे जेमतेम काही बिट. अशा भट्टीत चिप जिवंत ठेवायची कशी, हा प्रश्न तेलवाल्यांचा की चिपवाल्यांचा, तुम्हीच ठरवा.

आता चिपच्या कारखान्यात या. सर्वांत बारीक चिप छापणाऱ्या, नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब सोडतात. प्रत्येकाला लेझरने गाठायचं, त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवायचा. हा प्रकाश हवाही गिळते आणि काचही. म्हणून सगळा खेळ निर्वातात, भिंगांऐवजी आरशांवर. थेंब एकसारखे पडावेत हा प्रश्न द्रवगतिकीचा. आरसा तापून तसूभरही वाकू नये हा उष्णतेचा. वेफरची (ज्या चकतीवर चिप छापतात तिची) बैठक थरथरू नये हा कंपनांचा. पुढे रसायनांनी कोरणं, घासून सपाट करणं आहेच. यातलं बरंच काम मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी आणि भौतिकशास्त्राच्या लोकांचं आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: घ्या, मुलाला वस्तू खोलून पाहायची आवड असेल तर नक्की घ्या. कोडिंगही शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत जरा जपून. सेमीकंडक्टरच्या चर्चेत ऐकू येणारं व्हीएलएसआय म्हणजे बहुतांशी चिपची रचना, ती संगणकावर होते. भारतात चिपच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या आजवर मुख्यतः याच कामाच्या आहेत आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स लागतं. चिप प्रत्यक्ष घडवणं हे वेगळं काम. गुजरातेत धोलेऱ्याला कारखाना उभारायचं काम चाललंय, साणंदला पॅकेजिंग आणि चाचणीचे प्रकल्प आहेत. कामाला गावाबाहेर, राज्याबाहेर जावं लागेल हे आताच घरात बोलून घ्या.

तेलाचं आपल्याला नवं नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या समुद्रात, ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाने १९७४ मध्येच तेल शोधलं. ओएनजीसीने ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर बरीच वर्षं भरती केली आहे. श्लुंबर्जे आणि हॅलिबर्टन या तेलसेवा कंपन्यांची तंत्रज्ञान केंद्रं पुण्यात आहेत. तरीही पहिल्या पदवीलाच पेट्रोलियम घ्यायला मी सहसा सांगत नाही. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्याही खाली आलं आणि जगभर माणसं घरी बसली. मेकॅनिकलवाला अशा वेळी दुसरं दार ठोठावू शकतो, पेट्रोलियमवाल्याला दारंच कमी. चिपच्या धंद्यातही तेजी-मंदीचे फेरे असतात. म्हणून बी.टेक. रुंद असावं, एम.टेक. हवं तेवढं अरुंद करा.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. गूगल पेटंट्सवर अमेरिकन पेटंट क्रमांक ९३०७५९ काढा, ते ह्यूजेसचं बिट. मग ३१३८७४३, ते किल्बीचं. आधी फक्त आकृत्या बघा, मग शेवटचे दावे वाचा. भाषा रुक्ष आहे, पण आधीच्या अवजारात काय अडत होतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यात रमलात तर ती खूण माझ्या मते कोणत्याही कल चाचणीपेक्षा भरवशाची. आणि पालकांसाठी: नोकरीत लागलेल्या शोधाचे हक्क सहसा करारानुसार कंपनीकडे जातात. ‘पेटंट घेऊन कोट्यधीश’ या स्वप्नावर कर्ज काढू नका.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकापाशी फार वेळ घालवू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, मटेरियल टेस्टिंगचं यंत्र तुम्ही स्वतः चालवलंत की सरांनी चालवलेलं पाहिलंत? बरीच मुलं खरं सांगतात.