एआयच्या पाटीसाठी वावर विकू नका

बारावीचा निकाल लागला की बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकरहून तोच प्रश्न येतो. "सर, एआय-डेटा सायन्सला नंबर लागेल का? नाही लागला तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का?" प्रश्न वडील विचारतात. ज्याला चार वर्षे शिकायचे आहे तो मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो. त्याला विचारले, की एआय म्हणजे नेमके काय शिकायचे आहे, तर तो वडिलांकडे पाहतो.

म्हणून यंदा आधीच स्पष्ट सांगतो. शाखेच्या नावात एआय आहे एवढ्यावर नोकरी मिळत नाही. शिकवायला अनुभवी प्राध्यापक नाहीत, प्रयोगशाळा नावापुरती, अशा महाविद्यालयात फक्त पाटीसाठी लाखो रुपये भरणे हा धोका आहे. ज्याला गणित मनापासून आवडते, जो तासन् तास प्रोग्रॅमशी झगडू शकतो, त्याने जरूर जावे. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, चांगल्या गुणांवर तिथे प्रयत्न करावा. वैद्यकीय, फार्मसी, डी.एड., पोलीस भरती, एमपीएससी या वाटा तुम्हाला माझ्याइतक्याच ठाऊक आहेत. त्यांवर आज वेळ घालवत नाही.

मला बोलायचे आहे ते एका दुर्लक्षित विषयाबद्दल: व्यवसाय माहिती प्रणाली. बी.कॉम., बीबीए, बीसीएच्या अभ्यासक्रमात तो कुठल्या तरी सत्रात येतो, मुले गाईड वाचून पास होतात आणि विसरतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना याच्याइतका जवळचा विषय दुसरा नाही.

१८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. त्याच सुमारास तारही आली. कापूस गाडीने मुंबईला जाऊ लागला आणि लिव्हरपूलचा भाव तारेने खामगावात येऊ लागला. त्या दिवसापासून ज्याच्या हातात बातमी आधी, त्याच्या हातात सौदा, हे या बाजारपेठेने पाहिले. माल एका वाटेने जातो, त्याची माहिती दुसऱ्या वाटेने जाते, आणि नफा-तोटा बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेवर ठरतो. माहिती प्रणाली शिकायची म्हणजे ही दुसरी वाट शिकायची. संगणक हा तिचा फक्त एक भाग. नोंद करणारी माणसे, कामाची ठरलेली पद्धत, नोंदी, सॉफ्टवेअर आणि यंत्रे हे सगळे मिळून प्रणाली होते. यातले पहिले दोन बिघडले तर महागातले महाग यंत्र उपयोगाचे नाही.

सोयाबीनची एक गाडी घ्या. बाजार समितीच्या गेटवर आवक लिहिली जाते, लिलाव होतो, काटापट्टी निघते, अडत्या हिशेबपट्टी करतो. तोच माल व्यापाऱ्याच्या खरेदीत चढतो, गोदामाच्या साठ्यात चढतो. करपात्र माल पन्नास हजारांवरचा असेल आणि राज्याबाहेर निघाला, तर ई-वे बिल लागते. पुढे जीएसटीचे विवरण, बँकेतली जमा, वर्षअखेर ताळेबंद. माल एकच, त्याच्या नोंदी आठ-दहा ठिकाणी. गेटवर वजन एक आणि गोदामात दुसरे निघाले, तर फरक कुठे पडला हे शोधून काढणारा माणूस प्रत्येक धंद्याला हवा असतो. एकाच ठिकाणी एकदाच नोंद व्हावी आणि ती खरेदी, साठा, हिशेब या सगळ्यांना आपोआप मिळावी, यासाठी जे मोठे सॉफ्टवेअर बसवतात त्याला ईआरपी म्हणतात. पुस्तकात याची व्याख्या चार ओळींची आहे. ती पाठ करून काही होत नाही. एका गाडीचा माग शेवटपर्यंत काढला की ती समजते.

तुमच्या घरात याहून जवळचे उदाहरण आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी वावरात उभा राहून मोबाईलवर पिकाची नोंद करतो, फोटो काढतो, ती नोंद सातबाऱ्यावर जाते. हमीभावाने विक्री करायची असेल तर पुढे तीच नोंद तपासली जाते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. सोयाबीनच्या जागी चुकून तूर नोंदली गेली, तर खरेदी केंद्रावर माल अडतो आणि बाप तालुक्याच्या चकरा मारत बसतो. नोंद चुकली की निर्णय चुकतो, हा या विषयाचा पहिला धडा. शेतकऱ्याच्या मुलाला तो शिकवावा लागत नाही. त्याने तो भोगलेला असतो.

पतसंस्थेत जाऊन पाहा. रोखपाल दिवसभर भरणा आणि उचल नोंदवतो, ही झाली व्यवहार नोंदणी. संध्याकाळी शाखाधिकाऱ्याला थकबाकीची यादी हवी असते, ती व्यवस्थापन माहिती प्रणाली. गोदामातल्या मालावर यंदा किती तारण कर्ज द्यायचे, कोणत्या शाखेने हात आखडता घ्यायचा, हे मुख्यालय ठरवते, तिथे निर्णयाला मदत करणारी प्रणाली लागते. त्याच नोंदी, पण प्रत्येक पायरीवर त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा. १९८६ साली बुलढाण्यात सुरू झालेली बुलडाणा अर्बन आज शेकडो शाखा आणि गोदामे चालवते. एवढा पसारा वह्यांवर चालत नाही. आणि एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, हा साधा नियम जिथे मोडला जातो तिथे काय होते, हे राज्यातल्या बुडालेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना विचारा.

गावच्या सोसायट्यांचा कारभारही आता वह्यांवर चालणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींचा खर्च धरला. गटसचिवाच्या वहीतली येणेबाकी सॉफ्टवेअरमध्ये आणायची तर कर्जवाटप, व्याजसवलत, वसुली समजणारा माणूस लागतो. नुसता प्रोग्रॅमर तिथे गोंधळतो, नुसता हिशेबनीसही अडतो. दोन्ही भाषा बोलणारी मुले कमी आहेत, आणि ती आपल्या जिल्ह्यातून निघू शकतात.

या कामात सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवत नाही. 'टॅली येते' एवढ्यावर थांबलात तर तो बेताचाच राहील. टॅलीची बटणे कोणीही महिनाभरात शिकतो. एखादी नोंद कोणत्या खात्यावर का गेली हे सांगता आले पाहिजे. एक्सेल नीट शिका, डेटाबेसमधून माहिती काढण्यासाठी एसक्यूएल शिका, सुटीतला एक हंगाम जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये किंवा अडतीच्या दुकानात हिशेबाला बसा. पुढे ईआरपी बसवून देणाऱ्या कंपन्या, बिझनेस अ‍ॅनालिस्टची कामे, बँका, लेखापरीक्षण असे रस्ते फुटतात. एमसीएचा दरवाजा बी.कॉम.वाल्यालाही उघडा आहे, मात्र बारावीला किंवा पदवीला गणित असलेले बरे. म्हणून अकरावी कॉमर्सला गणित 'नको रे बाबा' म्हणून सोडू नका. आणि २०२४-२५ पासून राज्यात एआयसीटीईच्या कक्षेतल्या बीबीए-बीसीएला सीईटी लागते. तिची मुख्य नोंदणी बारावीच्या निकालाआधीच होते, निकालानंतर जागे होण्याच्या भरवशावर राहू नका.

आता पालकांशी. शेजाऱ्याचा मुलगा पुण्यात एआय शिकतो म्हणून आपलाही गेलाच पाहिजे, हा हट्ट तुमच्या इभ्रतीसाठी आहे, मुलासाठी नाही. मी कडक बोलतो, कारण त्याची किंमत मुले मोजतात. दोन एकर विकून पाठवलेला मुलगा दुसऱ्या वर्षी विषय राहिले तरी घरी सांगत नाही. वावर गेल्याचे ओझे त्याच्या डोक्यावर असते. सुटीला यायचे टाळतो, फोनवर 'सगळं चांगलं आहे' म्हणतो, आतून खचत जातो. अशा मुलाला परत बोलवायला लाज वाटू देऊ नका. वर्ष गेले तर भरून निघते.

मुलींच्या बाबतीत तर नियम न वाचताच निर्णय होतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. तरीही लोक मुलासाठी कोट्याचे पैसे भरतात, आणि धाकट्या मुलीला 'आता पैसे नाहीत' म्हणून घरी बसवतात. हे थांबवा.

कोट्याची पावती फाडायच्या आधी मुलाला एकटे बसवून विचारा, तुला काय शिकायचे आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर पैसे भरू नका. त्याला आठ दिवस ओळखीच्या अडत्याकडे किंवा पतसंस्थेत पाठवा, एका व्यवहाराचा माग काढून आणायला सांगा, आणि मग प्रवेशाचे बोला.